दाराशी कोणीतरी आहे

तोक्तारबाय अतांच्या डाव्या पायाची तीन बोटं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं कापावी लागली. कारण काय, तर इस्पितळाच्या कागदावर लिहिलंय, थंडी. तो कागद वाचला आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. थंडी! आमच्या या शहरात, कारागांदीत, थंडी काय काल आली? अता, म्हणजे आम्हा सगळ्यांचे आजोबा, एकोणऐंशी वर्षांचे आहेत. चौतीस वर्षं त्यांनी बस चालवली. उणे चाळीसमध्ये बसखाली पाठीवर पडून मशालीनं इंजिन गरम केलंय या माणसानं. तेव्हा त्यांची वीसच्या वीस बोटं शाबूत राहिली. ती गेली आमच्या स्वतःच्या इमारतीच्या दारात, भर दुपारी, आत निदान वीस माणसं घरात बसलेली असताना. त्या वीस माणसांत मीही होते.

आमची इमारत नऊ मजल्यांची. अता शेचाळीस नंबरला, मी सत्तेचाळीसला. तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. बायको गेल्यापासून अता एकटेच राहतात. मुलगा झांदोस लांब पश्चिमेला, समुद्रकाठच्या अक्ताऊला. माझा नवरा पंधरा दिवस खाणीवर आणि पंधरा दिवस घरी असतो, त्यामुळे निम्मा महिना मीही एकटीच. सकाळी मी अतांचं दार वाजवायचं, "उठलात का?" म्हणायचं, आणि आतून त्यांनी ओरडायचं, "नाही, मेलोय, चहा टाक!" हा आमचा रोजचा शिरस्ता.

आमच्या वरच्या मजल्यावर, बावन्नमध्ये, कुल्याश आपाय. वयानं मोठ्या बाईला आमच्याकडे आपाय म्हणतात. वय त्रेसष्ट. पोलादाच्या कारखान्यात तिनं एकतीस वर्षं क्रेन चालवली. चाळीस हात उंचीवरच्या पिंजऱ्यात बसून खाली वितळलेल्या लोखंडाच्या कढया हलवायच्या, आणि भट्ट्यांच्या गोंगाटात खालच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलायचं. कारखाना सुटला, आवाज तेवढाच राहिला. ती "बाई, मीठ आहे का?" म्हणून विचारते तेव्हासुद्धा आपल्यावर काहीतरी पडणार आहे असं वाटतं.

ऑक्टोबरात इमारतीची देखभाल कंपनी बदलली. नव्या कंपनीचा मॅनेजर दियास, अठ्ठावीस वर्षांचा, बोलायला गोड, पायात पांढरे शुभ्र बूट. त्यानं खाली अंगणात सगळ्यांना जमवलं. जुनं दार होतं चकतीवर उघडणारं. किल्लीच्या जुडग्यात ती निळी चकती असायची, टेकवली की दार उघडायचं. ते जाऊन नवं येणार म्हणाला.

"चेहरा दाखवायचा, दार उघडणार. दोन्ही हातांत पिशव्या असल्या तरी. आणि पाहुणे आले तर घंटा थेट तुमच्या मोबाइलवर. तुम्ही ऑफिसात असा नाहीतर तुर्कस्तानात समुद्रात पोहत असा, तिथून दार उघडा."

"आणि नेट गेलं तर?" कुल्याश आपायनं विचारलं.

"आपाय, आता नेट जात नाही."

"वीज जाते. पाणी जातं. माझा नवरा गेला. तुझं नेटच तेवढं अमर कसं काय?"

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता हात वर केला, कारण चकती हरवायची मला सवय होती आणि दर वेळी नवी घ्यायला खेटे घालावे लागत. सत्तावन्न हात वर, चार खाली. असं ते दार आलं. घराघरांतल्या भिंतींवरचे, खालच्या दाराशी बोलायचे जुने फोन उचकटून नेले, जुन्या चकत्या गोळा करून नेल्या. अतांकडे बटणांचा मोबाइल. त्यात ॲप कुठून बसणार? मग दियासच्या माणसानं शेचाळीस नंबरची घंटा झांदोसच्या फोनला जोडून दिली. म्हणजे खाली कोणी अतांचं बटण दाबलं की घंटा वाजणार दोन हजार किलोमीटर लांब, अक्ताऊत. टपालवाली बाई एकदा पेन्शनचा कागद घेऊन आली, तर झांदोस तिथून तिच्यावर ओरडत होता, "ताई, जाऊ नका, बाबा घरातच आहेत, मी त्यांना फोन करून सांगतो!" तेव्हाही आम्ही हसलो. किती हसायचो आम्ही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बुरान सुटला. बुधवारी रात्रीपासून वारा असा की बर्फ वरून पडत नव्हता, आडवा धावत होता. गुरुवारी शाळा बंद. पारा उणे एकोणतीस, वाऱ्यानं त्याची धार आणखी वाढलेली. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी काम करत होते. माझं काम एका ऑनलाइन दुकानाच्या मदतकक्षात. गिऱ्हाईक लिहितं, 'माल आला नाही,' मी लिहिते, 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.' दिवसातून तीसदा तरी. बाराला वीस मिनिटं कमी होती आणि पडद्यावरचं चाक फिरायला लागलं. मोबाइल पाहिला, तिथंही तेच. नंतर कळलं की बर्फ ओढणाऱ्या गाडीनं रस्त्याकडेची पेटी उडवली होती आणि अर्ध्या शहराची तार तुटली होती. वीज होती. रेडिएटर गरम होते. नेट तेवढं नव्हतं.

आता मी काय केलं ते सांगते, कारण दुसऱ्यांना शिव्या देण्याआधी ते सांगायला हवं. मी राउटर बंद केला, दहा आकडे मोजले, चालू केला. परत बंद केला. वायर काढून फुंकली. खुर्चीवर चढून राउटर कपाटावर ठेवला. सुपरवायझर काय म्हणेल या धास्तीनं तासभर मी त्या डबड्याभोवती पिंगा घालत होते. माझ्या खिडक्या मागच्या बाजूला, तिपदरी काचांच्या, बाहेर बुरानची घरघर. त्या तासात खाली जे चाललं होतं त्यातलं मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही.

खाली अता कचरा टाकायला गेले होते. बाराला पाच कमी असतील. कचऱ्याचे डबे अंगणापलीकडे, पन्नास पावलांवर. पन्नास पावलांसाठी कोण जामानिमा करतो? पायात घरातल्या चपला, अंगात कापूस भरलेलं बिनबाह्यांचं जाकीट, डोक्यावर लोकरी टोपी. आतून बटण दाबलं, दार उघडलं. बाहेर पडले, मागे लागलं. कचरा टाकून परत आले आणि दारासमोर उभे राहिले. पडद्यावर चाक फिरायला लागलं आणि आतली बाई गोड आवाजात म्हणाली, "कृपया थांबा. जोडणी होत आहे."

अता थांबले. थांबता थांबता माझं बटण दोनदा दाबून पाहिलं. आमच्या पिढीनं दारावर दोन लाथा घातल्या असत्या, पण अतांची पिढी थांब म्हटलं की थांबणारी. मग ती बाई म्हणाली, "चेहरा ओळखता आला नाही. कृपया डोक्यावरील वस्त्र काढून पुन्हा प्रयत्न करा."

आणि त्यांनी टोपी काढली. उणे एकोणतीसमध्ये, त्या वाऱ्यात, एका यंत्रानं सांगितलं म्हणून त्या म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात धरली, साहेबासमोर उभं राहताना धरावी तशी. हे आठवलं की अजून माझ्या हाताला काहीतरी फोडावंसं वाटतं.

मग त्यांनी पुन्हा माझं बटण दाबलं, सत्तेचाळीस. शेजारचं पंचेचाळीस. खालच्यांचं, वरच्यांचं. घंटा गेली नेटवर, आणि नेट नव्हतं. दारावर मुठी मारल्या. जाड काच, आत आणखी एक नुसतंच लोटलेलं लोखंडी दार, त्यामागे जिना. मग ते वाऱ्यात रेलत शेजारच्या इमारतीखालच्या दुकानाकडे गेले. एरवी तिथं सकाळी सातपासून उजेड असतो. दाराला कुलूप आणि वहीचं फाडलेलं पान चिकटवलेलं: 'नेट नाही. बंद.' मोबाइलनंच सगळे पैसे देतात, नेट नाही तर दुकान उघडं ठेवून काय करायचं, म्हणून दुकानवाली साडेअकराशे पावलांवरच्या आपल्या घरी जाऊन झोपली होती. अता पुन्हा आमच्या दाराशी आले. पुन्हा बटणं दाबली. बोटांना बटण कळेनासं झालं तेव्हा कोपरानं दाबलं. आणि मग दाराला पाठ लावून खाली बसले.

कुल्याश आपाय दवाखान्यातून दोन स्टॉप चालत आली, पाऊण वाजता. तिला आधी वाटलं कोणीतरी जुना कोट टाकून दिलाय.

"अता! ओ अता! इथं काय करताय?"

अतांनी डोळे उघडले. "दार म्हणतंय थांब," ते म्हणाले.

तिनं आपली शाल सोडून त्यांच्या डोक्याला गुंडाळली. स्वतःचा चेहरा दाराला दाखवला. "कृपया थांबा." तिनं मला फोन लावला, सगळं शहर एकाच वेळी साध्या फोनवर आलेलं, लागेना. दियासला लावला, तोही लागेना. दोन मिनिटं, बस्स. तिसऱ्या मिनिटाला ती वाळूच्या पेटीपाशी गेली. झाडूवाला बर्फ फोडायची पहार त्या पेटीमागे ठेवतो. पहार घेऊन आली, अतांना बाजूला ओढलं आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यात घाव घातला. नंतर तिनं मला समजावलं, "कडक काच मधे मारून फुटत नाही गं. मधला मार ती खाते. कोपऱ्यात मारायचं, तिथं ती भित्री असते." तिसऱ्या घावाला अख्खी काच खाली आली.

आणि भोंगा वाजला. ओळखायला त्या दाराला नेट लागत होतं, हाक पोचवायला लागत होतं. आपण फुटलो हे कळायला मात्र लागलं नाही. तो भोंगा ऐकून मी वैतागून खाली उतरले. डोक्यात विचार काय, तर आता हे बंद करायलाही ॲपच लागणार.

शेवटच्या पायरीवरून मला कुल्याश आपाय दिसली, अतांना काखेतून धरून ओढत आणणारी. त्यांचे कान मेणबत्तीसारखे पांढरे. पायात एकच चप्पल.

"बघत काय उभी राहिलीस? त्यांचे पाय उचल!" ती गरजली.

लिफ्टनं वर नेलं, माझ्याच घरात. मी त्यांचे हात चोळायला घेतले तर आपायनं माझ्या मनगटावर चापट मारली. "चोळू नको, कातडी निघेल! लोकरीत गुंडाळ. चहा कर, साखर ओत त्यात." रुग्णवाहिकेच्या एकशे तीन नंबरला मी सोळाव्यांदा फोन लावला तेव्हा कोणीतरी उचलला. रुग्णवाहिका पोचायला एक तास दहा मिनिटं लागली. डॉक्टरीण बाई तरुण होती, भुवयांवर बर्फ. अतांचा नागरिक क्रमांक तिच्या टॅबलेटवर उघडेना. तिनं टॅबलेट माझ्या पलंगावर फेकला आणि त्यांचं नाव, वय, रक्तदाब आपल्या तळहातावर पेनानं लिहून घेतलं. तिला मी आयुष्यात विसरणार नाही.

जाताना स्ट्रेचरवरून अता मला म्हणाले, "तू घरी होतीस होय? मला वाटलं बाहेर गेलीस."

"घरीच होते, अता."

"बरं," ते म्हणाले. एवढंच.

संध्याकाळी सव्वापाचला नेट आलं. मी फरशीवरचं पाणी पुसत होते. टेबलावरचा फोन थरथरला, मग पुन्हा, मग थांबेचना. 'दाराशी कोणीतरी आहे.' 'दाराशी कोणीतरी आहे.' अकरा वेळा. प्रत्येकाखाली वेळ आणि दाराच्या डोळ्यानं काढलेला फोटो. बारा वाजून दोन मिनिटं: अता, टोपी घातलेले, जरासे हसणारे, मी फोन उचलून काहीतरी चेष्टा करीन अशा तयारीतले. बारा चार: तसेच. बारा सात: टोपी नाही. बारा नऊ. मग मोठा खंड, ते दुकानाकडे गेले तेव्हाचा. बारा छत्तीस: भुवया पांढऱ्या, ओठ दिसत नाहीत. शेवटच्या फोटोत चेहराच नाही, नुसतं कोपर.

मी फरशीवर बसले आणि इतकी मोठ्यानं ओरडले की वरून कुल्याश आपाय धावत आली. तिनं फोटो पाहिले. एकेक, सगळे. आणि पहिल्यांदाच मी तिला हळू आवाजात बोलताना ऐकलं. "म्हणजे याला कळत होतं," ती म्हणाली. "या दाराला सगळं कळत होतं."

चौथ्या दिवशी तिला नोटीस आली. मोबाइलवर, फोटोसकट. हातात पहार, तोंड उघडं, चेहऱ्याभोवती लाल चौकट. खाली लिहिलेलं: 'ओळख पटली. फ्लॅट बावन्न. जुळणी अठ्ठ्याण्णव टक्के.' दाराचं नुकसान भरून द्या, पोलिसांत तक्रार केली आहे. दार उघडायला जो चेहरा ओळखू येत नव्हता, तो तक्रारीला बरोबर ओळखू आला.

"अठ्ठ्याण्णव का?" कुल्याश आपाय म्हणाली. "दोन टक्के मी कुठं होते?" पण फोन तिनं टेबलावर उलटा ठेवला. तिला आयुष्यात कधी साधा दंड झाला नव्हता. तिच्या कपाटात कारखान्याची तीन मानचिन्हं आहेत.

मी कोट चढवला आणि दियासच्या ऑफिसात गेले. तो उठून उभा राहिला.

"मेइरा आपाय, आम्हाला खूप वाईट वाटतंय. आपली गैरसोय आम्ही..."

"ते वाक्य बोलू नकोस. मी ते पोटासाठी दिवसातून तीसदा लिहिते. त्याचा अर्थ काय असतो ते मला माहीत आहे."

तो खाली बसला आणि म्हणाला, "खरं सांगू का, अतांनी फोन बरोबर न्यायला हवा होता."

"कचरा टाकायला? आणि नेऊन काय केलं असतं, त्यानं काच फोडली असती? मला एवढंच सांग. नेट नसताना चेहरे ओळखायची सोय अशा दारांना असते की नसते?"

दियासनं आपल्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. "असते. चेहरे दारातच साठवून ठेवता येतात. पण ती सोय वरच्या पॅकेजमध्ये येते."

"आणि आपण?"

"खालचं घेतलं. खर्च वाढला असता. मी वर लिहिलं होतं, आपाय, आईशपथ लिहिलं होतं. नको म्हणाले."

"आम्हाला का नाही सांगितलंस? अंगणात उभं राहून तुर्कस्तानच्या समुद्राच्या गोष्टी सांगत होतास तेव्हा?"

त्यानं टेबलावरचे कागद सारखे केले.

"बरं, नोटीस कोणी पाठवली?"

"ती सिस्टीम आपोआप पाठवते."

"मग बोलव तुझ्या सिस्टीमला इथं. खुर्ची दे तिला. मी तिच्याशी बोलते."

त्याचे डोळे भरले होते, हे मी नाकारत नाही. पण त्याच्या रडण्यानं नोटीस मागे जात नव्हती. रविवारी बैठक बोलाव, म्हणाले, नाहीतर मी बोलावते.

शनिवारी इस्पितळात गेले. तोवर बोटं गेली होती. अता खिडकीकडे तोंड करून पडले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, फोटोंचंही, आणि विचारलं, लोकांसमोर त्यांचा विषय काढू का?

"टोपी घातलेला एखादा आहे का त्यात?"

"दोन आहेत."

"मग काढ. बाकीचे बघितले तरी चालतील." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या क्रेनवाल्या बाईला एकटी पाडू नकोस. तुम्हा लोकांना हसण्यावारी न्यायची फार सवय आहे."

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सत्तरेक माणसं. पहिल्या मजल्यावरचा विक्तोर आधी उभा राहिला. तो वाईट माणूस नाही. अंगणातल्या मुलांचे झोके तोच रंगवतो. पण नियमाचा पक्का. "अतांबद्दल सगळ्यांनाच वाईट वाटतंय," तो म्हणाला. "पण उद्या कोणीही उठून पहार घेईल. तीन रात्री आपण फुटक्या दारानं झोपलो. जिन्यातले पाइप गोठायची वेळ आली. मालमत्ता सगळ्यांची आहे, कुल्याश बाईंची एकटीची नाही."

"माणूसही सगळ्यांचा होता!" आपाय मागून गरजली. हॉलच्या काचा वाजल्या.

"त्यांनी आणखी थोडी वाट पाहायला हवी होती. कोणीतरी आलं असतं."

"कोण? तू?"

"मला कळलं असतं तर आलो नसतो का मी?" विक्तोरचा चेहरा लाल झाला. "मी घरीच होतो दिवसभर! पहिल्या मजल्यावर! दहा पावलांत उघडलं असतं दार!"

मी उभी राहिले. मी बोलायला काहीतरी लिहून नेलं होतं, ते वाचायची गरजच उरली नाही. "सगळ्यांनी आपापले फोन काढा," मी म्हणाले. "दाराचं ॲप उघडा. बुरानचा तो गुरुवार, दुपारी बारानंतरचे निरोप बघा."

काही जण कुरकुरले. मग एकेक फोन निघाला. आधी पंचेचाळीस नंबरची बाई म्हणाली, "अगं बाई." मग कोणीतरी मागे खुर्ची सरकवली. त्या गुरुवारी संध्याकाळी नेट आल्यावर प्रत्येकाच्या फोनवर शंभर गोष्टी एकदम कोसळल्या होत्या, आणि सगळ्यांनी अंगठ्यानं त्या बाजूला सारल्या होत्या. आता त्या हॉलमध्ये, कोट घालून बसलेली माणसं आपल्या हातातल्या चौकटीत अतांकडे पाहत होती आणि अता त्यांच्याकडे. चौदा घरांची बटणं त्यांनी दाबली होती.

विक्तोरनं चष्मा लावला, बराच वेळ बोट फिरवलं. मग तो थांबला. तीन वेळा, अडतीस नंबर. बारा पाच, बारा आठ, बारा अडतीस.

"मी चहा पीत होतो," तो म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं. "टीव्ही लागत नाही म्हणून शब्दकोडं सोडवत होतो." आणि तो तसाच खाली बसला, खुर्ची आहे की नाही हे न पाहता.

मग मात्र मी बोलले, आणि पुष्कळ बोलले. दियास भिंतीला टेकून उभा होता, त्याला म्हणाले, तुमच्या यंत्राला चौदा घरं माहीत होती, वेळ माहीत होती, म्हाताऱ्याचा चेहरा माहीत होता, फक्त दार उघडायचं माहीत नव्हतं. ते माहीत करून द्यायला तुमच्या साहेबांना जास्त पैसे हवे होते. आणि ज्या बाईनं फुकटात उघडलं तिच्यावर पोलीस. तक्रार मागे घ्या, अशा अर्जावर सत्तर माणसांनी सह्या केल्या. विक्तोरनं सगळ्यांत वर.

आठवड्याभरात पोलिसातली तक्रार मागे घेतली गेली. काचेचा खर्च सगळ्या इमारतीनं वाटून घेतला; कुल्याश आपायनं आपला वाटा ठासून दिला, "मी फोडली, मीच का नको देऊ?" म्हणत. दाराला साधं कुलूप बसलं, प्रत्येक घराला दोन किल्ल्या, आणि विक्तोरनं स्वतः तार ओढून वर जुन्या पद्धतीच्या घंटा लावून दिल्या. कंपनीकडून माफीचा एक शब्द आला नाही. आला तो एक छापील कागद, लिफ्टमध्ये चिकटवलेला: 'हिवाळ्यात घराबाहेर पडताना चार्ज केलेला मोबाइल जवळ ठेवा.' कुल्याश आपायनं तो नखांनी खरवडून काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागला. तिनं पुन्हा काढला. पाच दिवस हे चाललं, मग त्यांच्याकडचे कागद संपले असावेत.

मार्चमध्ये झांदोस वडिलांना न्यायला आला. अता नको म्हणत होते, पण एका पायावर लिफ्टपर्यंतच्या पायऱ्याही चढता येईनात आणि चहाचा पेला उजव्या हातात टिकेना. सामान दोन पेट्या. कुल्याश आपायनं कणकेचे ताजे बौरसाक तळून पिशवी भरून दिली, अजून गरम. अतांना पुढच्या सीटवर बसवलं, डाव्या पायात नमद्याचा, जाड दाबलेल्या लोकरीचा, मोठा बूट.

"घर कसं आहे तिथलं?" मी विचारलं.

"छान आहे," झांदोस म्हणाला. "नवी इमारत, समुद्र दिसतो. पाचवा मजला. सुरक्षाही चांगली, खाली बोटाच्या ठशावर दार उघडतं."

कुल्याश आपायनं माझ्याकडे पाहिलं. मग अतांनी आपला उजवा हात वर केला, दोन बोटं आखूड असलेला, आणि खो खो हसायला लागले. "यातलं कोणतं लावू, बाळा?"

ते एकटेच हसत होते. झांदोस पांढरा पडला. तो दार लावायला गेला तशी मी ते धरलं.

"आधी फोन लाव," मी म्हणाले.

"कोणाला, आपाय?"

"तुझ्या इमारतीच्या मॅनेजरला. किल्ली आहे का विचार. साधी, धातूची."

"तिथं पोचलो की बघतो ना. विमानाला उशीर..."

"बघतो नाही. आत्ता."

कुल्याश आपाय गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली, हात कमरेवर ठेवून. टॅक्सीवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला, तिच्याकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. झांदोसनं फोन लावला. पलीकडे कोणी उचलेना. त्यानं पुन्हा लावला. बौरसाकांचा वास गाडीभर पसरला होता, अता त्यातला एक डाव्या हातानं खात होते. मी दार सोडलं नाही.